कॅनडाचा विद्यार्थी व्हिसा नाकारला? पहिले ६० दिवस वाया घालवू नका

मनमाड : पहाटेची पंचवटी पकडून मुंबईला बोटांचे ठसे देऊन आले, कॉलेजचे पत्र आले, फी भरली, भाऊबंदांत पेढेही वाटून झाले. आणि मग एक दिवस मोबाईलवर पत्र येते, स्टडी परमिट नामंजूर. मनमाड, नांदगाव, चांदवड, येवला भागात ज्या घराने कांद्याचे पैसे आणि बापाचा पीएफ त्या फाईलमध्ये घातलेला असतो, त्या घरात दोन दिवस चूल पेटत नाही.

पण हे पत्र आता अपवाद राहिलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडाने भारतातून आलेले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अर्ज नाकारले. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, हेच प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होते. जानेवारी २०२४ पासून तिकडच्या सरकारने विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे आणि तपासणी कडक केली आहे. म्हणून पोराला बोल लावण्याआधी कागद काय म्हणतो ते पाहावे.

आधी लॉगिन ताब्यात घ्या

आपल्याकडे बहुतेक फाईली एजंट भरतो. ईमेल त्याने बनवलेला, पासवर्ड त्याच्याकडे, आणि घरच्यांना फक्त "रिजेक्ट झालं" एवढाच फोन. सगळ्यात आधी त्याच्याकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : लॉगिन, नकाराचे मूळ पत्र आणि भरलेल्या संपूर्ण अर्जाची प्रत. पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर तोही त्याच दिवशी घरी आणावा.

नकाराच्या पत्रात ठरावीक वाक्ये असतात. शिक्षण संपल्यावर तुम्ही देश सोडाल याची खात्री पटली नाही, पैसे पुरेसे वाटत नाहीत, येण्याचा हेतू पटत नाही. एवढ्यावरून काही उमगत नाही. खरे कारण अधिकाऱ्याने फाईलवर लिहिलेल्या टिपणीत असते. जुलै २०२५ च्या अखेरीपासून बऱ्याच नकारपत्रांसोबत ही टिपणी जोडून येऊ लागली आहे. आली नसेल तर ५ डॉलर भरून मागवता येते. या ५ डॉलरच्या अर्जासाठी मात्र मागणारा कॅनडात असलेला किंवा तिथला नागरिक वा कायम रहिवासी हवा; विद्यार्थ्याला स्वतःची माहिती तिथल्या प्रायव्हसी कायद्याखाली भारतातूनही मागता येते. ओळखीतला कोणी तिकडे असेल तर विद्यार्थ्याने लेखी संमती द्यायची आणि त्याने अर्ज करायचा. उत्तराला महिना किंवा जास्त लागू शकतो, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात करावे.

शेतकरी घराची फाईल इथे अडते

१ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. रुपयांत साधारण १४-१५ लाख. क्युबेक प्रांताचा आकडा वेगळा आहे.

आपल्याकडे पैसा असतो, पण तो कागदावर नीट दिसत नाही. सातबारा आजोबांच्या किंवा सामाईक नावावर असतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्न शून्याचे किंवा अगदी थोड्या रकमेचे. खात्यात वर्षभर दहा-वीस हजार खेळतात आणि अर्जाच्या आधी एकदम आठ लाख जमा होतात. अधिकाऱ्याला हा पैसा उसना आणून दाखवलेला वाटतो, आणि आपण काही सांगितलेच नसेल तर त्याला दुसरे काय वाटणार?

यावर उपाय आहे. बाजार समितीतल्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या, त्याच रकमा जमा झालेले बँक स्टेटमेंट, तहसीलचा उत्पन्न दाखला आणि सातबारावरची पीकनोंद एकमेकांना जुळतील अशी लावावीत. जमीन ही हातातली रोकड नाही. ती घरची ऐपत दाखवते, फी भरत नाही. त्यामुळे मंजूर शैक्षणिक कर्जाचे पत्र जास्त उपयोगी पडते. काका किंवा मामा खर्च उचलणार असेल तर नाते आणि त्याचे उत्पन्न दोन्हींचा पुरावा हवा. आणि मराठी कागद तसाच अपलोड करू नये. इंग्रजी भाषांतर जोडले नसेल तर सातबारा असून नसल्यासारखा.

दुसरी अडचण कोर्सची. बी.एस्सी. ॲग्री केलेला मुलगा एकदम हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेतो, तेव्हा हा कोर्स कशासाठी आणि परत येऊन त्याचा उपयोग काय, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असावे. एजंटकडचे तेच ते छापील पत्र अधिकाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेले असते.

नवा अर्ज की कोर्ट?

कॅनडात या नकारावर अपील नाही. दोनच वाटा आहेत.

कागदात उणीव राहिली असेल तर ती भरून नवा अर्ज करावा. त्याला ठरलेली थांबण्याची मुदत नाही, पण तीच फाईल पुन्हा टाकली तर तेच उत्तर येते आणि १५० डॉलर फी पुन्हा जाते. कॉलेजला विचारून प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून घ्यावा आणि प्रांताचे शिफारसपत्र, म्हणजे पीएएल, अजून मुदतीत आहे का ते तपासावे. सरकारी संस्थेत मास्टर्स किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना जानेवारी २०२६ पासून हे पत्र लागत नाही.

कागद पूर्ण होते आणि अधिकाऱ्याने ते पाहिलेच नाहीत असे टिपणीवरून दिसत असेल, तर तिथल्या फेडरल कोर्टात दाद मागता येते. भारतातून केलेल्या अर्जासाठी मुदत निर्णय कळल्यापासून ६० दिवस. कोर्टाची फी ५० डॉलर आहे, खरा खर्च वकिलाचा. जिंकले तरी कोर्ट व्हिसा देत नाही. फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरविचाराला जाते.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते. अमेरिकेत नकारावर अपील नाही, नवी फी भरून पुन्हा मुलाखत द्यावी लागते.

"गॅरंटी"वाल्यापासून सावध

नकारानंतर घर घाबरलेले असते आणि नेमके तेव्हाच "आपल्याकडे सेटिंग आहे" म्हणणारा भेटतो. खोटे बँक स्टेटमेंट किंवा बनावट अनुभवपत्र सापडले तर ५ वर्षे कॅनडाची दारे बंद. कागद एजंटने लावला होता, आम्हाला माहीत नव्हते, हे सहसा ऐकले जात नाही. आधीचा नकार लपवणे हेही खोटी माहिती देण्यातच मोडते. मग तो नकार कुठल्याही देशाचा असो.

२०२३ मध्ये पंजाबसह अनेक भागांतली मुले याच फेऱ्यात सापडली. कॉलेजची पत्रे बनावट होती, आणि काहींना ते तिकडे शिकून कायम राहण्याचा अर्ज केल्यावर कळले. त्या प्रकरणातल्या जालंधरच्या एजंटाला कॅनडात मे २०२४ मध्ये ३ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेतले जाते.

परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते. शिक्षणासाठी पाठवणाऱ्याला त्या कायद्याखाली ती लागत नाही, त्यामुळे दुकानावरच्या "सरकारमान्य" पाटीला फारसा अर्थ नाही. कॅनडाच्या बाबतीत सल्लागाराचे नाव तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या अधिकृत नोंदवहीत ऑनलाइन शोधता येते.

अडकलेले पैसे

व्हिसा अर्जाची फी परत येत नाही. कॉलेजची फी मात्र नकारपत्र दाखवल्यावर बहुतेक ठिकाणी थोडी रक्कम कापून परत मिळते. त्याला तारीख असते, ती चुकवू नये. प्रवेश पुढे ढकलला तर परताव्याच्या अटी बदलतात, म्हणून आधी विचारून मगच सही करावी. जीआयसीमध्ये ठेवलेले पैसेही नकारपत्रावर परत मिळतात. परदेशी रक्कम पाठवताना बँकेने टीसीएस कापला असेल तर तो आयकर रिटर्न भरून मागता येतो. परतावा एजंटाच्या खात्यावर घेऊ नये.

एजंट स्वतः घेतलेली रक्कम देत नसेल तर पावती, फोन-पेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवावेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षांची आहे आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. बनावट कागद लावले असतील तर मात्र थेट पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी आणि तिची प्रत पुढच्या अर्जासाठी जपून ठेवावी.