सेकंदाला ५० चित्रांचा मारिओ

स्नेहमेळाव्यात जेवणानंतर जो काळा डबा या हातातून त्या हातात फिरत होता, त्याविषयी स्मरणिकेत लिही, असे संपादक मंडळाचे म्हणणे पडले. तो कसा बनवला एवढेच सांगायचे तर अर्धे पान पुरे. पण त्याच्या आत काय भरायचे यावरून आम्हा तिघांत महिनाभर वाद चालला होता, आणि त्या वादापायी मला आपल्याच लहानपणाचा इतिहास नव्याने वाचावा लागला. तोच इथे मांडतो.

आपण १९९६ साली दहावी झालो. त्याच्या आधीची चार-पाच वर्षे आठवा. घरोघरी म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून येणारे दूरदर्शन, आणि ज्याच्या काकांनी किंवा मामांनी आणून दिला त्याच्या घरी 'व्हिडिओ गेम'. यंत्राला दुसरे नाव नव्हतेच. डब्यावर कुठे सामुराई लिहिलेले असे, कुठे मीडिया, कुठे लिटल मास्टर. आत जे लावायचे ती कॅसेट. चालली नाही की काढून फुंकर मारायची. '९९९९९९९ इन १' असे छापलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ आठ-दहाच निघत, बाकी यादी म्हणजे त्याच खेळांचे वेगवेगळे टप्पे. पडेगावात हा डबा ज्या दोन-तीन घरी होता, त्या घरांच्या ओट्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत चपलांचा ढीग असे. बाकीच्यांनी छावणीतल्या पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजले.

या सगळ्या डब्यांचा मूळपुरुष एकच. जपानमधल्या क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला 'फॅमिली कॉम्प्युटर'. (ही कंपनी १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली होती. सावंतवाडीच्या गंजिफावाल्यांनी पुढे टीव्हीवरचे खेळ काढावेत, तसा हा प्रकार.) त्याच्या पोटात ६५०२ जातीची चिप होती आणि काम करायला स्मृती होती २ किलोबाइट. १९८५ साली आलेला मूळ मारिओ सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आज लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो याच्याहून मोठा असतो. तैवानमध्ये या यंत्राच्या चिपांच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या आणि त्या नकला जगभर पसरल्या. आपल्या ओट्यावरचे बहुतेक डबे याच कुळातले. त्यांच्यावर निन्टेंडोचे नाव नसे आणि आपल्याला ते ठाऊकही नव्हते.

आता या ६५०२ विषयी. ही चिप अमेरिकेत १९७५ साली चक पेडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ डॉलरला विकायला काढली. त्या काळी तशा चिपची किंमत याच्या कितीतरी पट असे. स्वस्त म्हणून ती सगळीकडे गेली: ॲपलच्या सुरुवातीच्या संगणकांत गेली, खेळाच्या डब्यात गेली आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली बनवलेल्या 'बीबीसी मायक्रो' या शाळेच्या संगणकातही गेली. हा बीबीसी मायक्रो भारतात आला होता. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, शाळांमधून संगणक साक्षरतेसाठी. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे २५० शाळा निवडल्या आणि त्यांना हीच यंत्रे दिली. आपली शाळा त्यात नव्हती. आपल्याकडे संगणक आला तेव्हा आपण कधीच बाहेर पडलो होतो.

म्हणजे एकाच चिपची दोन रूपे एकाच दशकात या देशात आली. एक सरकारी पेटीतून, वातानुकूलित खोलीत, चपला बाहेर काढून पाहायचे. दुसरे बाजारातून, बिनपावतीचे, आईच्या ओरड्यासह. पहिल्याला शिक्षण म्हटले, दुसऱ्याला नाद. मला हा भेद आज पटत नाही. आपल्यासारख्या शाळेच्या पोरांनी मायक्रोप्रोसेसरला प्रथम हात लावला तो दुसऱ्या वाटेनेच.

ही माहिती सांगायला आम्ही गणिताच्या सरांकडे गेलो होतो. सर आता निवृत्त आहेत. आपल्यापैकी कुणाची तरी कॅसेट त्यांनी जप्त करून कपाटात टाकली होती आणि ती दहावीच्या निकालानंतरच परत मिळाली, हे सगळ्यांना आठवत असेल. सरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बीबीसी मायक्रोवर मी बेसिक शिकलोय. आधीच्या शाळेत असताना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तुमच्या शाळेत आलो तर इथं यंत्रच नाही." थोडा वेळ गेला आणि ते पुढे म्हणाले, "म्हणजे यंत्र होतं की. कपाटात होतं." आम्ही हसलो, सर हसले नाहीत.

गोष्ट इथे थांबत नाही. त्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांना ६५०२ च्या पुढची चिप हवी होती. ते अमेरिकेत चौकशीला गेले, तर तिथे मोजकीच माणसे नवी चिप आखताना दिसली. हे आपल्यालाही जमेल, असे वाटून त्यांनी स्वतःची चिप आखली आणि १९८५ च्या एप्रिलमध्ये ती चालू झाली. तिचे नाव आर्म. आज तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये तिचीच वंशावळ आहे. पुढे केंब्रिजमध्येच एबेन अप्टन आणि मंडळींनी मुलांसाठी एका पाटीवरचा स्वस्त संगणक काढला, रास्पबेरी पाय. तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. त्यातही आर्मच, आणि 'मॉडेल ए', 'मॉडेल बी' ही नावेसुद्धा बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. २०१५ साली त्यांचा 'झीरो' हा धाकटा संगणक ५ डॉलरला निघाला, तेव्हा तो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाटला होता. पूर्वी दिवाळी अंकाबरोबर कॅलेंडर येई तसा.

आमच्या डब्यात याच घराण्यातला 'झीरो २ डब्ल्यू' आहे. च्युइंगगमच्या पाकिटाएवढा, चार गाभ्यांचा, ५१२ मेगाबाइट स्मृतीचा. जुन्या डब्याच्या अडीच लाख पटीहून जास्त. वाळूजला मेंटेनन्स पाहणाऱ्या आपल्या मित्राने सोल्डरिंग केले, आणि हात अजून स्थिर आहे हे आम्हाला दहादा ऐकवले. कवच म्हणजे विजेच्या दुकानातला फायबरचा जंक्शन बॉक्स, कानशीने घासून गोल केलेला. बटणे आणि त्यांखालची रबरी गादी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मिळालेल्या मेलेल्या रिमोटमधून, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमच्याच. प्रत्येक बटणाचे एक टोक संगणकाच्या पिनेला, दुसरे अर्थिंगला. दाबले की पिन शून्यावर येते, एवढेच तंत्र. पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा. जुन्या खेळाचे चित्र २५६ बाय २४० चे, म्हणून ते ओढाताण न करता बसते. 'झीरो'ला हेडफोनचे भोक नाही, तेव्हा दोन पिनांवरून आवाज काढून छोट्या ॲम्प्लिफायरला दिला. लिथियमची बॅटरी, तिला चार्जिंगची आणि व्होल्टेज ५ वर नेणारी पट्टी. मेमरी कार्डावर रेट्रोपाय ही फुकट मिळणारी प्रणाली. तिच्यातला प्रोग्राम आर्मवर बसून ६५०२ चे सोंग घेतो, एकेक आज्ञा वाचतो आणि मूळ चिपने जे केले असते ते करून दाखवतो. म्हणजे एकॉर्नची नात आजीच्या आवाजात बोलते.

मारिओ सुरू झाला आणि तिघांचेही एकमत झाले की हा तो नव्हे. चित्र तेच, धून तीच, पण काहीतरी घाईत होते. बॅटरीचा दोष म्हणावे, तर तसे काही असत नाही. शेवटी एकाच्या माळ्यावरचा जुना डबा काढला. तो चालू निघाला हेच नवल. दोन्हींवर एकच धून लावून वेळ मोजली. नव्यावर जी एका मिनिटात संपली तिला जुन्यावर ७२ सेकंद लागले.

कारण विजेत आणि टीव्हीत आहे. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवी. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, ५० वेळांचा. पाल देशांसाठी नकला बनवणाऱ्यांनी युक्ती केली: चिपचा वेग जवळजवळ तोच ठेवला आणि दोन चित्रांमधली मोकळी वेळ वाढवली. त्यामुळे सूर बिघडला नाही, पण चाल सहाव्या हिश्शाने संथ झाली. क्योटोत बसून ज्यांनी ती धून रचली त्यांच्या मनातला वेग आपण कधी ऐकलाच नव्हता.

वाद इथे पेटला. आमच्यातला एक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणे, ६० हेच मूळ, तेच ठेवायचे. आपण चुकीचे ऐकले तर ते आता दुरुस्त करू. मी उलट बाजूचा. मूळ यंत्राचा इतिहास जपानी आणि अमेरिकी लोकांनी नीट लिहून ठेवला आहे, त्यांची संग्रहालये आहेत. नकली डब्याचा इतिहास कुणी ठेवलेला नाही, कारण तो नकली. पण आपल्या शहरात आला तो तोच. त्याची संथ चाल, खोट्या आकड्यांच्या कॅसेट, सारे आपण खेळलो. ते पुसून वर जपानचा वेग चढवला, तर ती दुरुस्ती कुणाच्या आठवणीची? खेळ चालवणाऱ्या त्या प्रोग्रामच्या यादीत जपान-अमेरिकेची आणि पाल पद्धत होती, शिवाय 'डेंडी' असा तिसरा पर्याय होता. डेंडी म्हणजे १९९२ साली रशियात विकायला आलेला असाच एक नकली डबा. रशियाच्या पोरांनी आपली चाल नोंदवून ठेवली होती! आम्ही तोच पर्याय लावला. मित्राने ६० ची सोय बटणावर ठेवून घेतली, ती आहे.

एक गोष्ट मात्र जमली नाही. बदकांवर बंदूक चालवायचा खेळ त्या डब्यात चालत नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो पाही. ही वेळ काचेच्या नळीच्या टीव्हीवरच जुळते. त्यासाठी जुना टीव्ही हवा, आणि ज्या शहराशेजारी चितेगावच्या कारखान्यातून लाखो टीव्ही बाहेर पडले, जिथे आपल्यातल्या काहींच्या घरचे लोक पाळीला जात, तिथे आम्हाला एक चालू नळी सापडेना. सगळ्या भंगारात गेल्या.

खेळांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत, म्हणून या डब्याच्या प्रती काढून वाटणार नाही. मागणी करणाऱ्यांनी रागावू नये. शाळेसाठी दुसरा डबा करतो आहोत, त्यात ६५०२ साठी लोकांनी नव्याने लिहून मोकळे सोडलेले खेळ असतील आणि मुलांना स्वतः लिहायची सोय. सरांनी आठवीच्या मुलांसमोर बेसिकचे दोन तास घ्यायचे कबूल केले आहे. कुणाच्या माळ्यावर कॅसेट, रिमोट, बंदूक किंवा नळीचा टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी वाळूजवाल्याला फोन करा. नंबर स्मरणिकेच्या मागच्या यादीत आहे.