शोध युरोपचा, माल अमेरिकेचा

संगणकाच्या नेहमीच्या स्मृतीला विसरण्याची खोड आहे. तिच्यातली नोंद साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा गिरवावी लागते. नुसते आठवत राहायलाही वीज जळते. नोंद चुंबकात ठेवली तर हा खर्च टळतो. वीज गेली म्हणून चुंबक आपली दिशा विसरत नाही.

ही दिशा विजेने वाचता येते, ती इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’मुळे. पॅरिसजवळ ऑर्से येथे आल्बेर फेर आणि जर्मनीत युलिश येथे पेटर ग्र्यूनबर्ग यांना १९८८च्या सुमारास लोह-क्रोमियमच्या अतिपातळ थरांत त्याची किल्ली सापडली. २००७चे नोबेल दोघांना मिळाले. त्यावर चालणारी हार्ड डिस्क मात्र १९९७ साली आणली अमेरिकेच्या आयबीएमने. गंमत म्हणजे आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत तिचा ‘स्पिन व्हॉल्व्ह’ घडवणाऱ्यांत बेर्नार दिएनी हे फ्रेंचच होते! मायदेशी परतल्यावर २००२ साली ग्रनोबलमध्ये ‘स्पिनटेक’ ही सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते.

तिच्यातून २००६ साली चुंबकीय स्मृतीसाठी ‘क्रोकस’ कंपनी निघाली. पुढे ती संवेदकांकडे वळली, कॅलिफोर्नियाला गेली आणि २०२३ साली अमेरिकेच्याच अलेग्रोने ती विकत घेतली. त्याच सुमारास ‘फ्रान्स २०३०’ योजनेतून स्पिनट्रॉनिक्सचा नवा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.