शेतीशाळेची कुळकथा

मक्याचा पोंगा दोन बोटांनी अलगद उकलायचा. आत ओल्या भुशासारखी विष्ठा साचलेली दिसली की अळी तिथेच आहे. ती तळहातावर घ्यायची आणि आधी डोके पाहायचे. त्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ची खूण असली आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठळक ठिपके असले, तर ती अमेरिकन लष्करी अळी. 2018 साली ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. मका हे नंदुरबार जिल्ह्याचे पोटाचे पीक. अक्कलकुव्यात सपाटीवरही मका आणि सातपुड्याच्या उतारावरही मकाच. म्हणून इथल्या शेतीशाळेचा पहिला धडा बंधावर, पोंगा उकलून सुरू होतो.

शेतीशाळा म्हणजे एका शिवारातले पंचवीस-तीस शेतकरी, त्यांच्यापैकीच कुणाचे तरी शेत, आणि पेरणीपासून काढणीपर्यंत ठरलेल्या दिवशी भरणारा वर्ग. फळा नाही, बाक नाहीत. शेतकरी चार-पाच जणांच्या गटांनी पिकात उतरतात, झाडे मोजतात, किडी मोजतात, आणि बाहेर येऊन कागदावर झाडाचे चित्र काढतात. एका बाजूला शत्रुकिडी, दुसऱ्या बाजूला ढालकिडा, क्रायसोपा, कोळी असे मित्रकीटक, शेजारी पावसाची, ओलीची, तणाची नोंद. मग गट आपापले चित्र सगळ्यांपुढे ठेवतो आणि फवारायचे की थांबायचे यावर वाद होतो. कृषी खात्याच्या कागदांत याला पीक परिसंस्था निरीक्षण म्हणतात. अनेकांना ही खात्याची अलीकडची योजना वाटते. तिचे कूळ मात्र फिलिपिन्सच्या भातखाचरांत आहे.

शेतकऱ्याला घरी जाऊन शेती सांगण्याची सरकारी रीत त्याहून जुनी. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा 1847 साली लॉर्ड क्लॅरेंडनच्या सूचनेवरून गावोगाव फिरणारे शेतीशिक्षक नेमले गेले. हिंदुस्थानातही या कामाची सुरुवात दुष्काळातूनच झाली. 1880 च्या दुष्काळ आयोगाने प्रत्येक प्रांतात शेतकी खाते हवे असे सुचवले. खानदेशात भडगावला सरकारी शेत होते, आणि कपाशीचे सुधारित बियाणे पसरवण्याचा खटाटोप तर कलेक्टर कचेरीतून चाले. डॉ. जॉन व्होल्कर हा रसायनशास्त्रज्ञ 1889 साली हिंदुस्थानी शेती सुधारायला म्हणून आला, देशभर हिंडला आणि 1893 च्या अहवालात त्याने लिहून ठेवले की इथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्यापेक्षा मुळीच कमी नाही, काही बाबतींत तर सरसच आहे. हा अहवाल खात्याने नीट वाचला असता तर पुढची साठ-सत्तर वर्षे वेगळी गेली असती, असे मला मनापासून वाटते.

स्वातंत्र्यानंतर 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम आला, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा, आणि ग्रामसेवक गावाच्या ओळखीचा झाला. एका माणसाकडे दहाएक गावे आणि शेतीपासून शोषखड्ड्यापर्यंत सारी कामे. 1962 साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा झाल्या आणि शेतीविस्ताराचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. पुढे डॅनियल बेनॉर यांची प्रशिक्षण आणि भेट पद्धत जागतिक बँकेच्या पैशाने आली. 1974 साली ती राजस्थानात चंबळच्या लाभक्षेत्रात सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात रुजली. दर पंधरवड्याला कृषी सहायकाने प्रशिक्षण घ्यायचे, तिथला संदेश ठरल्या वारी संपर्क शेतकऱ्याला सांगायचा आणि त्याने तो इतरांना सांगायचा. कालव्याखालच्या एकसारख्या शिवारात ही पद्धत चालली. पंजाबचा गहू किंवा पश्चिम महाराष्ट्राचा ऊस अशा रीतीने वाढवता येतो.

अक्कलकुव्यातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यांवर मात्र तो संदेश कुणाला लागू व्हायचा? तिथे एकाच उतारावर मका, ज्वारी, तूर, उडीद आणि मोर, बर्टी ही भरडधान्ये एकत्र उभी असतात. घरोघरची बोली भिली नाही तर पावरी, आणि पत्रक छापलेले प्रमाण मराठीत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली वनजमीन ज्यांच्या हातात होती, त्यांच्या नावावर सातबारा नव्हता. 2006 चा वनहक्क कायदा येईपर्यंत अशा कुटुंबांना खात्याच्या यादीत जागा मिळणेच अवघड होते. मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे तर सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. तिथले लोक नव्या वसाहतीत आले, नवी माती आणि नवे पीक शिकू लागले. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी खात्याच्या वेगवेगळ्या शाखा एका छत्राखाली आणणारी एक खिडकी पद्धत आली. कार्यालये जवळ आली, पण संदेश अजून वरून खालीच येत होता.

आता फिलिपिन्सकडे वळू. लॉस बान्योस इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 साली आयआर-8 हे बुटके, खताला साथ देणारे भात दिले. 1973 साली सरकारने ‘मासागाना 99’ ही मोहीम काढली. तारणाशिवाय कर्ज, बियाणे, खत, औषध आणि उद्दिष्ट हेक्टरी 99 कॅव्हान, म्हणजे तिथल्या मापाची पोती. विस्तार कर्मचाऱ्यांनी कर्जही वाटायचे आणि फवारणीचे वेळापत्रकही सांगायचे. त्याच सुमारास तपकिरी तुडतुड्याने खाचरे करपवायला सुरुवात केली. हा इवलासा कीटक चुडाच्या बुडाशी बसून रस शोषतो आणि हिरव्या शेतात जळाल्यासारखे गोल खळे पडतात. औषधाचे फवारे वाढले, पण तुडतुडा कमी होईना.

पीटर केनमोर या तरुण अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने फिलिपिन्सच्या शेतांतच त्याचे कारण शोधले. तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणात अंडी घालते, तिथे औषध पोचत नाही. औषध लागते ते पाण्यावरून धावणाऱ्या कोळ्यांना आणि अंडी फस्त करणाऱ्या ढेकणांना. आठवडाभराने अंडी फुटतात आणि पिलांना खाणारे कुणीच उरलेले नसते. म्हणजे वेळापत्रकाने केलेली फवारणीच कीड वाढवत होती. हे शेतकऱ्याला कसे पटवायचे? पत्रकाने पटत नाही, कारण औषध मारल्याबरोबर मेलेले तुडतुडे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. त्याला कोळीही दाखवावा लागतो. बरणीत तुडतुडे आणि एक कोळी ठेवून दुसऱ्या दिवशी उरलेले मोजायला लावावे लागतात.

हा विचार मनिलातून चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या प्रकल्पामार्फत इंडोनेशियात गेला. तिथे 1986 साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या आदेशाने 57 कीटकनाशकांचा भातावरचा वापर बंद झाला होता. मग फवारणीऐवजी शेतकऱ्याला काय द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि 1989 मध्ये योग्यकर्ताच्या परिसरात पहिल्या शेतीशाळा भरल्या. हंगामभर दर आठवड्याला एक दिवस, शेतात दोन भाग : एकात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात निरीक्षण करून घेतलेला निर्णय. 1993 साली ही शाळा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून फिलिपिन्सला परतली. त्याआधी दोनच वर्षे, 1991 च्या कायद्याने, तिथले विस्तार कर्मचारी केंद्राकडून नगरपालिकांकडे गेले होते.

भारतात केंद्राच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रांनी नव्वदच्या दशकात शेतीशाळा घ्यायला सुरुवात केली. 2000 नंतर कपाशीसाठीचा आशियाई प्रकल्प महाराष्ट्रातही आला. 2008 साली विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीन फस्त केले आणि पुढच्या वर्षी कीड सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प उभा राहिला. 2017 साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी उलटली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. त्यानंतर शेतीशाळा हा शब्द खात्याच्या प्रत्येक आराखड्यात दिसू लागला. डोमकळी, म्हणजे बोंडअळीने न उमलू दिलेले फूल, कशी ओळखायची, कामगंध सापळ्यात लागोपाठ तीन दिवस आठ-आठ पतंग आले तर काय करायचे, पाच टक्के निंबोळी अर्क घरी कसा काढायचा, हे आता कपाशीच्या शिवारात कानावर पडते. अक्कलकुव्याच्या खापर पट्ट्यातल्या कापूसवाल्यालाही हे उपयोगी आहे.

माझी काळजी वेगळी आहे. शेतीशाळेचे यश भरलेल्या वर्गांच्या संख्येवर आणि मोबाइलवर चढवलेल्या फोटोंवर मोजले जाऊ लागले की हंगामभराचे वर्ग दोन-तीनवर येतात आणि निरीक्षणाच्या जागी भाषण येते. एका कृषी सहायकाकडे अनेक गावे, पंचनामे, ऑनलाइन अर्ज आणि अनुदानाच्या याद्या असतात. 2025 मध्ये त्यांचे पदनाम सहायक कृषी अधिकारी झाले, पण कामाचा पसारा तोच राहिला. तुलनेसाठी राखलेला भाग, म्हणजे न फवारलेली पट्टी, तर सगळ्यात आधी गळते, कारण नुकसान झाले तर ते कोण भरणार, याचे उत्तर योजनेत नसते. ती पट्टी नसेल तर शेतकरी तुलना कशाशी करणार?

डोंगरातल्या शेतीशाळेला आणखी एक गोष्ट लागते. मक्याच्या ओळींत तूर आणि उडीद असेल तर कोळी आणि ढालकिड्यांना आसरा मिळतो. सातपुड्यातला शेतकरी असे मिश्र पीक कधीपासून घेतो आहे. धडगाव परिसरात बायफ या संस्थेने मका-ज्वारीचे गावरान वाण गोळा करून गावाच्या बियाणे बँका उभ्या केल्या, तेव्हा कुठले वाण कुठल्या उतारावर टिकते याचे ज्ञान बायांकडून आले. कणीस निवडून धुरावर टांगून ठेवण्याचे काम त्याच करतात. नंदुरबारचे कृषी विज्ञान केंद्र आणि खाते मिळून वरच्या पाड्यांवर मक्याची शाळा भरवतील तेव्हा ती पावरीत किंवा भिलीत चालावी, पाड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी तिची शेतीमित्र असावी, आणि एक भाग निव्वळ मक्याचा, दुसरा घरच्या मिश्र पेऱ्याचा असावा. दोन्हींतले पोंगे आठवड्याला मोजले तर लष्करी अळी कुठे किती टिकते हे पहिल्याच खरिपात कळेल, आणि ते आकडे खालून वर, राहुरीच्या विद्यापीठापर्यंत, गेले पाहिजेत.