गेलिक आडनांवांतील अपत्यार्थ

मराठेशाहीच्या अखेरच्या कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस डंकन, माल्कम व डफ हीं नांवें नवीं नाहींत. जोनाथन डंकन हा इ. स. १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. दुसरा बाजीराव इ. स. १८१८ त ज्याच्या स्वाधीन झाला तो जॉन माल्कम, आणि इ. स. १८२६ त मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा तो जेम्स ग्रँट डफ. या तिघांस आपण सरसकट इंग्रज म्हणतों. परंतु डंकन, माल्कम व डफ हे शब्द इंग्रजी नव्हेत. ते आयर्लंडांत व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत चालणाऱ्या गेलिक भाषेंतले होत. या भाषेंतील आडनांवांची घटना कशी झाली, त्यांचा अर्थ कसा लावावा आणि कसा लावूं नये, याचें दिग्दर्शन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेलिक आडनांवांचे आधारस्तंभ दोन : ‘मॅक’ आणि ‘ओ’. मॅक म्हणजे पुत्र. आपल्या मोडी कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ हे शब्द जें कार्य करितात तेंच हा करितो. ‘ओ’ याचें जुनें रूप ‘ऊआ’, व त्याचा अर्थ पौत्र. आयर्लंडांत दगडाच्या कडेवर रेघा खोदून लिहिलेले ओघम लिपीचे लेख आढळतात. त्यांत याच दोन शब्दांचीं प्राचीन षष्ठ्यंत रूपें ‘मक्वी’ व ‘अवी’ अशीं येतात. कित्येकांची समजूत अशी कीं, पूर्ण ‘मॅक’ लिहिल्यास घराणें स्कॉटलंडचें व संक्षिप्त लिहिल्यास आयर्लंडचें समजावें. ही समजूत निराधार आहे. तो केवळ लेखकाच्या हातचा संक्षेप होय.

आतां प्रश्न असा कीं, ‘अमुकाचा पौत्र’ हें वर्णन आडनांव केव्हां झालें? येथें पाणिनीचें स्मरण होतें. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत ‘गोत्र’ ही संज्ञा पौत्रापासून पुढील अपत्यास दिलेली आहे, पुत्रास नव्हे. गेलिक लोकांचाही प्रघात जवळजवळ असाच पडला. क्लॉन्टार्फच्या लढाईंत इ. स. १०१४ त ब्रिअन राजा पडला. त्याचा नातू टॉयर्डेल्बाख (मृत्यु इ. स. १०८६) यास ‘ऊआ ब्रिअन’ म्हणत, तें शब्दशः खरें होतें. परंतु त्याचा पुत्र मुर्खर्ताख (मृत्यु इ. स. १११९) हा ब्रिअनचा पणतू असूनही ‘ऊआ ब्रिअन’च म्हणविला गेला. शब्दार्थ सुटला आणि कुलनाम उरलें, तें याच ठिकाणीं. आजचे ओब्रायन ते हेच. ब्रिअननें आज्ञा काढून सर्वांस आडनांवें घ्यावयास लाविलीं, ही दंतकथा मात्र टिकणारी नाहीं; कारण ‘ऊआ क्लेरी’ हें आडनांव त्याच्या मृत्यूपूर्वीं सुमारें एक शतक, इ. स. ९१६ च्या सुमारास, वृत्तांतग्रंथांत नोंदलेलें आहे.

अर्थाकडे वळतां कांहीं नांवें संस्कृतज्ञास विशेष रंजक वाटतील. मॅकनमारा याचें मूळ ‘मॅक कॉन मारा’, म्हणजे समुद्रश्वानाचा पुत्र. ‘कू’ म्हणजे श्वान व ‘कॉन’ ही त्याची षष्ठी. आपल्या ‘श्वन्’ व ‘शुनः’ या रूपांचे ते सगोत्र शब्द होत. श्वानाचें नांव तिकडे वीरास भूषण होतें. शुनकापासून शौनक असें गोत्रनाम ज्या परंपरेंत झालें, तिला यांत विस्मय वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील ‘दास’ या उत्तरपदासारखें ‘माएल’ हें पूर्वपद आहे. त्याचा मूळ अर्थ मुंडित, व त्यावरून सेवक किंवा भक्त. माल्कम म्हणजे ‘माएल कोलुम’, संत कोलंबाचा भक्त. डंकन हें ‘डोनखा’ या जुन्या वीरनामाचें रूप; आणि डफ याच्या मुळाशीं ‘डुव’, म्हणजे काळा, हा शब्द आहे. आपल्यांतील काळे आडनांवाशीं त्याची अर्थानें जुळणी होते, परंतु संबंध कांहीं नाहीं. अर्थसाम्य म्हणजे वंशसाम्य नव्हे, हें संशोधकानें नित्य ध्यानांत ठेवावें.

अर्थ लावण्यांतील खरी अडचण पुढेंच आहे. इ. स. १४६५ त इंग्रजी सत्तेनें कायदा करून डब्लिन व भोंवतालच्या परगण्यांत राहणाऱ्या आयरिश लोकांस इंग्रजी आडनांवें घेण्यास फर्माविलें : एखाद्या गांवाचें, रंगाचें, धंद्याचें किंवा अधिकाराचें. पुढें सत्ता विस्तारली तशीं मॅक व ओ हीं पदें गळालीं, आणि नांवांचीं भाषांतरें होऊं लागलीं. ‘मॅक अन तीर’ म्हणजे कारागिराचा, विशेषतः सुताराचा, पुत्र. स्कॉटलंडांत त्याचें मॅकिन्टायर झालें. आयर्लंडांत कोणी त्याचें सुतार या अर्थानें ‘कार्पेंटर’ केलें. तें ठीक झालें. परंतु ‘सीर’ या शब्दाचा दुसरा अर्थ स्वतंत्र असा असल्यामुळें कित्येकांचें ‘फ्रीमन’ झालें! स्त्रियांचीही तीच गत. गेलिकांत ओ-कुळांतील कन्येस ‘नी’ व मॅक-कुळांतील कन्येस ‘निक’ हें पद लागतें. इंग्रजी नोंदींत हा भेद पुसला गेला. सारांश, आजच्या रूपावरून अर्थ लावणें हें वाळूवर घर बांधणें होय. जुना लेखच पाहिला पाहिजे.

आणि तो लेख राहील तर ना! वर सांगितलेल्या क्लेरी आडनांवाचा अर्थच मुळीं लेखक किंवा धर्माधिकारी. त्या घराण्याची एक शाखा डोनेगॉल प्रांतीं जाऊन पिढीजात इतिहासलेखन करूं लागली. तींतील मीहॉल ओ क्लेरी यानें सहकाऱ्यांसह इ. स. १६३२ ते १६३६ या काळांत जुन्या पोथ्यांवरून आयर्लंडचा वृत्तांतग्रंथ सिद्ध केला. ज्या पोथ्यांवरून त्यांनीं नकला केल्या, त्यांतील कित्येक आज नष्ट आहेत. नकलेमुळेंच मजकूर वांचला. याउलट ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत डब्लिनचें सरकारी दफ्तरखाना जळून कित्येक शतकांचे कागद एका दिवसांत भस्म झाले. ज्यांची नक्कल कोणी केली नव्हती, ते कायमचे गेले.

हें लिहितांना आमचा एक अपराध आम्हांस आठवतो. तरुणपणीं एका खेड्यांतील घराण्याचें मोडी दफ्तर आम्हीं उतरून घेतलें. शिक्षकी पेशाच्या संवयीनें त्यांतील आडनांवांचीं ‘अशुद्ध’ रूपें आम्हीं चालू वळणानुसार शुद्ध करून लिहिलीं. पुढें पावसांत ती माडी कोसळली व दफ्तर मातीस मिळालें. आतां आमची नक्कल तेवढी उरली आहे. आणि तींत नेमकें जें पाहावयास हवें, तेंच आम्हीं पुसून ठेविलें आहे. कारागिराच्या पुत्रास फ्रीमन करणाऱ्या कारकुनांस हंसण्याचा अधिकार आम्हांस राहिला नाहीं. संग्राहकांस विनंती एवढीच कीं, नांव जसें सांपडेल तसें उतरावें. शुद्धि करावयाची ती समासांत करावी.