घर भाड्याने गेले म्हणून आळी बुडाली?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत एक मत इतके रूढ झाले आहे की आता त्याला कोणी पुरावाही मागत नाही. ज्या घरात एकच कुटुंब नांदत होते, ते घर मालकाने भाड्याने लावले की आळीची रया जाते, असे हे मत. बिरवाडी, नांगलवाडी, जिते या औद्योगिक वसाहतीच्या अंगच्या गावांत ते विशेष हिरिरीने मांडले जाते. मांडणारी माणसे गावावर प्रेम करणारी आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी त्यांच्या बाजूने, न कापता मांडतो.

ते म्हणतात, घराची कणव मालकाला असते. भाडेकरू आज आहे, उद्या नाही. गटार तुंबले काय नि टाकी ओसंडली काय, त्याला सोयरसुतक नसते. शिवाय कुटुंब जाऊन त्या जागी आठ-दहा एकटे पुरुष येतात आणि बायाबापड्यांना सांजवेळी ओटीवर बसणे अवघड होते. गावकीच्या कामाला, पालखीला खांदा द्यायला माणूस उरत नाही. आणि माणशी भाडे घेण्याची चटक मालकाला एकदा लागली, की गावातल्याच नवख्या जोडप्याला परवडेल अशी खोली मिळत नाही. हा शेवटचा आक्षेप बराचसा खरा आहे, हे आधीच मान्य करतो. मात्र या सगळ्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

मालकाच्या कणवेपासून सुरुवात करू. ती पाहायची असेल तर पोलादपूरच्या कोणत्याही डोंगरवाडीत जावे. मालक लालबागला, दिव्याला, नालासोपाऱ्याला, घराला कुलूप. गणपतीत आणि शिमग्यात ते निघते, एरवी नाही. कौलारू घर असे राहत नाही. पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात. माकडाने एक सरकवले तरी त्या फटीतून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर उतरते. चूल पेटती असती तर धुराने लाकूड कोरडे राहिले असते, कीड लांब राहिली असती. बंद घरात वाळवीला मोकळे रान मिळते. चार-सहा पावसाळ्यांत आढे खचते, मग मातीच्या भिंती बसतात, आणि जांभ्याचा चौथरा तेवढा उरतो. काशेडीपलीकडच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. ही घट भाडेकरूंनी केली काय? मालकीहक्काचे कागद जसेच्या तसे होते. माणसे नव्हती. वाडी बुडवणाऱ्यांची यादी करायची तर पहिले नाव कुलपाचे लिहावे लागेल.

कोणी म्हणेल, बंद घराशी तुलना करणे सोपे आहे. मालक राहत असलेल्या घराशी करा. करू. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत जुनीपुराणी नव्हती. गुन्हा दाखल झाला तो बांधणाऱ्यांवर आणि देखरेखीची जबाबदारी असणाऱ्यांवर. आत राहणारा खरेदीखतवाला होता की भाडेपावतीवाला, याने खांबाच्या ताकदीत रतीभर फरक पडला नसता. घराची निगा काही प्रमाणात राहणाऱ्याच्या हाती असते. बाकी बांधणाऱ्याच्या, मालकाच्या आणि नगरपालिकेच्या.

आता आपलेपणाचा मुद्दा, आणि येथे मला प्रतिपक्षाच्या स्मरणशक्तीचे नवल वाटते. भाडेकरूला शेजाराची ओढ नसते, हे कोण कोणाला सांगत आहे? महाड-पोलादपूरच्या किती घरांतले आजोबा-पणजोबा गिरणगावात मालक म्हणून गेले होते? दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खाणावळीत जेवणारे, बायकोमुले गावी ठेवलेले ते एकटे पुरुषच होते. ज्या वर्णनाने आज बिरवाडीतल्या कामगाराला नावे ठेवली जातात, ते वर्णन शब्दशः त्यांचे आहे. त्या भाडोत्र्यांनी परळ-लालबागची रया घालवली? त्यांनी भजनी मंडळे काढली, व्यायामशाळा काढल्या, गावाच्या नावाची मंडळे स्थापून गावच्या शाळेला आणि देवळाला पैसे धाडले. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत झाला, असे मानतात. चाळ म्हणजे भाडेकरूंचीच वस्ती. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक कुटुंबे आजही भाड्याने राहतात. तेथील गावे उजाड झाल्याचे ऐकिवात नाही.

मग गिरणगावात जे घडले ते नांगलवाडीत का घडत नाही? कारण मुदतीत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला उद्याची खात्री दिली. (त्या कायद्याने भाडी गोठवली आणि चाळींची दुरुस्ती मालकांना परवडेनाशी झाली, हेही खरे, मी त्या कायद्याची आरती करत नाही.) पण आपण वीस वर्षे राहणार हे ज्याला ठाऊक असते, तो जिन्यातला दिवा स्वतः लावतो. आमच्याकडे करार अकरा महिन्यांचा, तोही बहुधा तोंडी. अकराच का? एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, ते टाळण्याची ही जुनी पळवाट. गंमत अशी की ती पळवाट केव्हाच बुजली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ म्हणते की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दर अकरा महिन्यांनी माणूस हुसकायचा आणि वर म्हणायचे, त्याला ओढ नाही. हा कोणता न्याय?

आठ-दहा पुरुषांचेही तेच. एका खोलीत दहा गाद्या कोणी टाकल्या? एका शौचालयावर दहा माणसे कोणी बसवली? माणशी पैसे मोजून कोण घेतो? दोष खरा आहे. तो चुकीच्या माणसाच्या पदरात टाकला जातो, एवढेच. माणसांची संख्या करारात लिहावी, करार नोंदवावा, प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या आकारणी यादीत मालकाच्या नावाबरोबर भोगवटा करणाऱ्याच्या नावाचाही रकाना असतोच. तो भरावा. नवख्या जोडप्याला खोली मिळण्याचा मार्गही येथूनच जातो, कारण दहा डोक्यांचा हिशेब बंद झाला तरच त्या जोडप्याचे भाडे मालकाच्या डोळ्यांत भरेल.

गावकीच्या आक्षेपामागे एक न बोललेले गृहीत आहे: गाव मालकांचे. कायदा ते मानत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २० स्पष्ट सांगते की केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. मतदार यादीत नाव येते ते राहणाऱ्याचे. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

आणि महाडने तरी हे गृहीत कधीच टाकून द्यायला हवे होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सवर्णांनी जो दावा लावला, त्यात तळ्यावर आपलीच मालकी असल्याचे म्हटले होते. तळ्याभोवती घरे त्यांची होती. काठच्या जमिनीचे तुकडे आणि घाटही अनेक ठिकाणी त्याच घरमालकांचे होते. तळे मात्र त्यांचे ठरले नाही. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयातही ते हरले. आजचे आक्षेपक त्या वादींच्या पंगतीचे आहेत, असे मी म्हणत नाही. पण काठावर घर असले की सार्वजनिक पाण्यावर, रस्त्यावर, पालखीवरही आपला जादा हक्क पोचतो, हा तर्क याच गावात न्यायालयासमोर तपासला गेला आहे, आणि तो टिकलेला नाही.

वाचकांकडे निवाडा सोपवताना एकच विनंती. पुढच्या ग्रामसभेत भाडेकरूंविरुद्ध ठराव येईल, तेव्हा मांडणाऱ्याला आणि अनुमोदकाला विचारावे: तुमची स्वतःची किती घरे भाड्याने आहेत, आणि त्यांतल्या किती करारांची नोंदणी झाली आहे?