परिवलनगती, चित्रफीत आणि वर्गाची भाषा

मराठीतील ‘फिरणे’ हे क्रियापद विलक्षण उदार आहे. पंखा फिरतो, बैल घाण्याभोवती फिरतो, माणूस बाजारात फिरतो आणि दिलेल्या शब्दापासूनही फिरतो. व्यवहारात या उदारतेचा कोणास त्रास होत नाही. भौतिकीच्या वर्गात मात्र तिची किंमत मोजावी लागते. कारण स्वतःच्या अक्षाभोवती होणारी गती आणि दुसऱ्या वस्तूभोवती होणारी गती यांतील भेद हा तेथील पहिलाच धडा होय. शालेय भूगोलाने त्यासाठी ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ अशी जोडी रूढ केली. पण यातील ‘परिभ्रमण’ ज्या ‘भ्रम्’ धातूवरून आले, त्याच धातूकुळातील ‘भोवरा’ हा नेमका स्वतःभोवती फिरणारा! शास्त्राने पंडिती शब्दाला दिलेला अर्थ आणि त्याच्या घरगुती भावंडाचा अर्थ असे परस्परविरुद्ध दिशांना गेले. राजवाड्यांचा मराठी धातुकोश ज्या धुळ्यात प्रसिद्ध झाला, तेथील विद्यार्थ्यांना तरी ही गंमत सांगण्यासारखी आहे.

धुळे शहराचा पांझरेपलीकडील भाग म्हणजे देवपूर. विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांमुळे हे उपनगर खानदेशातील भौतिकीच्या अध्यापनाचे एक ठिकाण बनले आहे. येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. दहावीपर्यंत त्यांतील पुष्कळांचे शिक्षण प्रमाण मराठीत होते आणि अकरावीच्या उंबरठ्यावर विज्ञानाची भाषा इंग्रजी होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले राज्याचे बारावीचे भौतिकीचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतच असून त्याचे पहिले प्रकरण परिवलनगतिकीचे आहे. म्हणजे जो विषय फळ्यावर दाखविण्यास सर्वांत अवघड, तोच सर्वांत आधी. चित्रफितीच्या साहाय्याने हा विषय शिकविण्याच्या खटपटींचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

या खटपटींचा आरंभ अमेरिकेत झाला. १९५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शालेय भौतिकीच्या पुनर्रचनेसाठी एक समिती स्थापन झाली आणि तिने पाठ्यपुस्तकांच्या जोडीने बोलपटही तयार करविले. त्यांपैकी १९६० चा ‘फ्रेम्स ऑफ रेफरन्स’ हा टोरांटोचे प्राध्यापक ह्यूम व आयव्ही यांचा बोलपट अजूनही पाहण्याजोगा आहे. फिरत्या मंचावर मेजाच्या दोन बाजूंना हे दोघे बसतात आणि घर्षणरहित चकती एकमेकांकडे ढकलतात. कॅमेरा मंचाबरोबर फिरत असेल तर चकतीचा मार्ग वाकडा दिसतो. बाहेर स्थिर असेल तर सरळ. केंद्रोत्सारी बल खरे की भासमान, यावर तासभर केलेल्या व्याख्यानाने जे साधत नाही ते येथे काही मिनिटांत साधते. फळ्यावरील आकृती स्थिर असते आणि शिक्षकाचा हात तिला गती देऊ शकत नाही; चित्रपटाला ती मुळातच असते.

तथापि चित्रफीत परिवलनाच्या बाबतीत खोटेही बोलते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखविली जात. मिनिटाला ५०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत बरोबर एकतृतीयांश फेरा घेतो. पाती एकमेकांच्या जागी येतात आणि पडद्यावर पंखा थांबलेला दिसतो. वेग किंचित कमी केला तर तो उलटा फिरू लागतो. गाडीची चाके चित्रपटात मागे फिरताना दिसतात, ती याच कारणाने. जो शिक्षक हा दोष लपविण्याऐवजी त्याचाच पाठ करतो, त्याच्या हाती कोनीय वेग मोजण्याचे एक उत्तम साधन आपसूक येते.

भारतात दूरचित्रवाणीद्वारा शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी देशव्यापी वर्ग सुरू केला. खानदेशातील महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये निघाले. मोठ्या शहरांबाहेरील विद्यार्थ्यांस उत्तम अध्यापनाचा लाभ व्हावा, हा या उपक्रमाचा हेतू प्रशंसनीय होता. पण त्याचे निवेदन मुख्यतः इंग्रजीत होते. ज्याच्यासाठी तो वर्ग भरविला, त्यालाच त्याची भाषा सर्वांत परकी, असा हा विपर्यास होता.

याच सुमारास खानदेशातच दुसऱ्या टोकाने विचार सुरू झाला होता, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपले एक आरंभीचे ग्रामीण कार्य जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील खिरोदा परिसरात हाती घेतले. केंद्राचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी हे व्यवसायाने भौतिकीविद; परंतु त्यांच्या व सहकाऱ्यांच्या कार्यातून जो निष्कर्ष पुढे आला तो भाषाभ्यासकाचा वाटावा असा होता. मूल विज्ञानात मागे पडते ते पुष्कळदा विज्ञानामुळे नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेमुळे. ती सुगम केली तर तेच मूल पुढे सरकते. येथे अडथळा इंग्रजीचा नव्हता. मराठी पुस्तकातील मराठीचाच होता. परभाषेच्या नावाने सर्व खापर फोडणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

परिवलनगतीच्या बाबतीत हा अडथळा एका विशिष्ट जागी तीव्र होतो. सरळ रेषेत जाणाऱ्या चेंडूचा संवेग बाणाने दाखविला तर बाण गतीच्या दिशेनेच असतो. डोळ्यास ते पटते. फिरत्या चाकाचा कोनीय संवेग मात्र अक्षाच्या दिशेने दाखवितात, म्हणजे जिकडे काहीच जात नाही तिकडे. कितीही मंदगती चित्रफीत लावली तरी तो बाण तीत दिसणार नाही, कारण तो निसर्गात नाही. तो शास्त्रज्ञांनी केलेला संकेत आहे. उजव्या हाताची बोटे फिरण्याच्या दिशेने वळविली असता अंगठा जिकडे तिकडे बाण, हे सांगावेच लागते, आणि सांगणे हे भाषेचे काम. त्यातही मराठीत एक जुना गुंता आहे. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुख्यतः डावा. मराठी शास्त्रीय लेखनात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होणाऱ्या गतीला ‘सव्य’ आणि उलट गतीला ‘अपसव्य’ म्हणतात. प्रदक्षिणेची दिशा मात्र सर्वांस ठाऊक असते. देवाला उजव्या हाताशी ठेवून चालणारा मनुष्य वरून पाहिल्यास काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून त्याच्या परिवलनाचा बाण जमिनीत जातो, एवढे सांगितल्यावर नियम कळतो आणि लक्षातही राहतो. जळगावकडे जात्याला ‘घरोट’ म्हणतात. त्याचा खुंटा काठाशी का असतो, मध्याशी का नसतो, या प्रश्नात टॉर्कचे सारे प्रकरण आहे.

मराठी परिभाषा उपलब्ध नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘निरूढी परिबल’, ‘कोनीय संवेग’, ‘परांचन’ हे शब्द मराठी विश्वकोशात आहेत. पण अकरावीपासूनचा वर्ग इंग्रजीकडे वळल्याने ते पानातच राहिले. जीभ न लागलेले शब्द जसे राहतात तसे.

२००३ पासून आयआयटींची व्याख्याने, २०१७ मध्ये स्वयंप्रभा वाहिन्या आणि २०२० च्या टाळेबंदीत शिक्षकांनी भ्रमणध्वनीवर घाईघाईने केलेल्या चित्रफिती यांनी साधनांचा तुटवडा संपविला. टाळेबंदीतील पाठांतून एक निराळीच भाषा मुद्रित झाली. वर्गात ती पूर्वीपासून होतीच. तिची नामे इंग्रजी, विभक्तिप्रत्यय व क्रियापदे मराठी: ‘टॉर्कमुळे’, ‘मोमेंटम कॉन्झर्व्ह होतो’. शुद्धिवाद्यांस ही भेसळ वाटेल. पण बोलणारा आपल्या व्याकरणात विचार करीत आहे, याची ती खूण आहे. धोका नामांत नसून क्रियापदांत आहे. ‘चकतीला टॉर्क लागतो’ म्हणजे चकतीवर टॉर्क कार्य करतो. ‘चकती फिरायला टॉर्क लागतो’ म्हणजे टॉर्कची आवश्यकता असते. पहिले विधान घटनेचे वर्णन आहे. दुसरे, चकती आधीच फिरत असेल आणि घर्षण नसेल तर, चूक आहे. फिरत राहण्यास टॉर्क लागत नाही. फिरण्याचा वेग वा अक्ष बदलण्यास लागतो. ‘लागणे’ या एकाच क्रियापदाने दोन्ही अर्थ वाहिल्यामुळे ॲरिस्टॉटलच्या काळची समजूत मराठी वाक्यातून नकळत परत येते, आणि पडद्यावर चकती वंगण दिलेल्या अक्षावर संथपणे फिरत असतानाही विद्यार्थी तिला फिरविणारे बल शोधत बसतो. अशा क्षणी चित्रफीत थांबवून ‘लागतो’ऐवजी एकदा ‘कार्य करतो’ आणि एकदा ‘आवश्यक असतो’ असे म्हणून पाहणे, एवढाच उपाय देवपूरच्या वर्गातही करता येतो. त्यास नवे यंत्र नको.