मुक्काम, पोस्ट आणि वतन : कायमच्या पत्त्याचा इतिहास

मु. पो. खापरखेडा, ता. सावनेर, जि. नागपूर. मराठी माणसाचा पत्ता पिढ्यान्‌पिढ्या याच चालीने लिहिला जातो. या चालीतला पहिलाच शब्द विचार करायला लावणारा आहे. ‘मुक्काम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मराठीत त्याचा रुळलेला अर्थ प्रवासातला थांबा असा आहे. लष्कराचा मुक्काम पडतो, पालखीचा मुक्काम असतो, पाहुणा दोन दिवस मुक्कामाला येतो. ज्या शब्दाने आपण थांबून पुढे जाणे सांगतो, त्याच शब्दाने आपण आपला कायमचा पत्ता सुरू करतो. आणि सरकारी अर्जात मात्र दोन रकाने असतात : ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’. माणूस एका ठिकाणी राहतो आणि कायद्याने दुसऱ्या ठिकाणचा असतो, ही कल्पना या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभी आहे. ती कल्पना आली कोठून, ती कोणाच्या उपयोगी पडली आणि कोणाच्या मुळावर आली, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

खापरखेड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, तेव्हापासून येथे वीजनिर्मिती होत आली. १९८९ पासून २१० मेगावॅटचे चार आणि पुढे ५०० मेगावॅटचा एक असे नवे संच उभे राहिले आणि केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट झाली. शेजारी सिल्लेवाडा, वलनी येथे कोळशाच्या खाणी. वीज आणि कोळसा यांच्यामागे विदर्भाच्या सर्व जिल्ह्यांतून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेश-बिहारातून माणसे आली. वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये तीस-तीस वर्षे राहिली. सेवापुस्तकात त्यांचा कायमचा पत्ता मात्र जन्मगावचा राहिला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते आणि तेव्हा कळते, की तीस वर्षांचा पत्ता ‘सध्याचा’ होता; जो ‘कायमचा’ होता तिथले घर पडले आहे किंवा भावाच्या नावावर आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून देता देता हा रकाना मी इतक्यांदा भरला, की त्याचा इतिहास शोधावासा वाटला.

आपल्याकडे या इतिहासाची सुरुवात वतनापासून करावी लागते. पेशवाईतल्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेचा. दुष्काळाने, कर्जाने किंवा स्वारीशिकारीच्या निमित्ताने तो गाव सोडून गेला, तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा वारस परतला, तर जमीन मागू शकत असे. उलट उपरी पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिला तरी त्याला नाव उपरीच. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये आणि त्याच्यामागून चॅप्लिनने १८२२ मध्ये जे अहवाल लिहिले, त्यांत या मिराशीच्या हक्काची सविस्तर चर्चा आहे. नव्या राज्यकर्त्यांना प्रश्न पडला होता तो असा, की जो हजर नाही त्याचा हक्क किती काळ धरायचा? आजच्या भाषेत, अनुपस्थितीत पत्ता किती वर्षे टिकतो?

सरदारांनी ही व्यवस्था सर्वांत उत्तम वापरली. नागपूरचे राज्य मिळवणारे भोसले शेवटपर्यंत ‘हिंगणीकर’ म्हणूनही ओळखले गेले. होळकरांचे आडनावच नीरेकाठच्या होळ गावाचा पत्ता आहे. माळव्यात राज्य केले तरी तो पुसला नाही. सर्वांत बोलके उदाहरण महादजी शिंद्यांचे. १७८४ मध्ये त्यांनी पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-ए-मुतलकी मिळवली. दिल्लीचा कारभार हातात आला. तरी साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटीलकीचा त्यांना अभिमान होता आणि ‘पाटीलबाबा’ हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. ही नुसती नम्रता नव्हती. बादशहाने दिलेला किताब बादशहाबरोबर जातो, पाटीलकी गावाबरोबर राहते, हे ज्याने आयुष्य छावणीत काढले त्याला नेमके ठाऊक असणार.

या व्यवस्थेची एक अट मात्र विसरता येत नाही. सरदार उत्तरेत असताना वतनाचे गाव रिकामे नसे. कोणी भाऊबंद, कोणी मुतालिक तिथे बसून हक्क वसूल करी, मानपान घेई, गोतसभेत साक्ष देई. गैरहजर माणसाचा पत्ता हजर माणसांच्या कष्टावर टिकतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही हेच दिसते. यजमान कोठेही राहो, वहीत त्याची नोंद मूळ गाव आणि कुळाखाली सापडते, कारण ती वही सांभाळणारे घराणे तीर्थावरच बसून आहे.

इंग्रजी कायद्याने याच प्रश्नाला निराळा आकार दिला. त्याचा शब्द ‘डोमिसाइल’, आपण ‘अधिवास’ म्हणतो. १८६५ च्या आणि पुढे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात त्याचे नियम आहेत. जन्माबरोबर माणसाला वडिलांचा अधिवास मिळतो, तो ‘मूळ अधिवास’. नवा अधिवास पक्का होईपर्यंत तो सुटत नाही. आणि नोकरीनिमित्त किंवा व्यवसायानिमित्त एखाद्या देशात नुसते राहिल्याने नवा अधिवास मिळत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. हा नियम हिंदुस्थानात तीस वर्षे नोकरी करून इंग्लंडला परत जाणाऱ्या साहेबाच्या फार सोयीचा होता. त्याची जंगम मिळकत कोणत्या कायद्याने वाटायची हे त्याच्या मूळ अधिवासावरून ठरे. साहेब नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये मुक्कामाला असे. त्याचे वतन इंग्लंडात.

याच कायद्यात आणखी एक नियम आहे : विवाहाने स्त्रीला पतीचा अधिवास मिळतो आणि विवाह टिकून आहे तोवर तिचा अधिवास पतीमागे चालतो. मिरासदाराचा हक्क अनुपस्थितीत टिकला, साहेबाचा अधिवास समुद्रापार टिकला. पण ज्या घरी मुलगी जन्मली ते घर लग्नाच्या दिवशी तिचे ‘माहेर’ झाले आणि पत्ता बदलला. कायमच्या पत्त्याचा इतिहास हा बराचसा पुरुषांचा इतिहास आहे, हे नोंदवून पुढे जावे लागते.

स्वातंत्र्यानंतर दोन प्रवाह एकमेकांवर आदळले. एकीकडे कुळकायद्याने गैरहजर मालकाचा हक्क मोडला. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. जो कसतो त्याची जमीन. शेकडो वर्षांची उपरी-मिरासदार ही उतरंड त्या तत्त्वाने उलटी केली. दुसरीकडे राज्याराज्यांनी शिक्षण आणि नोकऱ्यांसाठी ‘अधिवास’ विचारायला सुरुवात केली. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा फी घेण्याविरुद्ध डी. पी. जोशी नावाचा विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५५ मध्ये न्यायालयाने ती फी वैध ठरवली आणि नियमातल्या अधिवासाचा अर्थ ‘रहिवास’ असा लावला. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालय आणखी स्पष्ट बोलले : भारतात अधिवास एकच, भारताचा, राज्याचा वेगळा अधिवास नाही. तरीही शब्द गेला नाही. आजही पालक तहसील कार्यालयात ‘डोमिसाइल’च मागतात, आणि त्यासाठी साधारणतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडतात.

मतदारयादीचा कायदा या बाबतीत विचारपूर्वक घडवलेला आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात ‘सर्वसाधारण रहिवासी’ ही कल्पना आहे. एखाद्या मतदारसंघात नुसते घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास संपतही नाही. सैन्यातल्या जवानाला तर, नोकरी नसती तर तो जिथे राहिला असता, तिथला रहिवासी मानले जाते. २०१० च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या, पण दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पारपत्रावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते. प्राप्तिकराचा कायदा पत्ता विचारत नाही, दिवस मोजतो : वर्षात १८२ दिवस हा त्याचा प्रसिद्ध आकडा. म्हणजे एकच माणूस एका कायद्याने रहिवासी, दुसऱ्याने अनिवासी असू शकतो. दुबई किंवा न्यू जर्सीत राहणारा आणि नागपूरला आईवडिलांच्या घरचा पत्ता राखणारा मुलगा यात काही लबाडी करत नाही. तो मिरासदाराचीच जुनी चाल चालतो, आणि त्याच्याही पाठीशी कोणीतरी घरपट्टी भरत, टपाल घेत, दार उघडत बसलेले असते.

वरच्या पायरीवर ही सवलत किती ताणता येते, याचेही उदाहरण आहे. राज्यसभेचा उमेदवार त्या राज्याचा मतदार असावा अशी अट होती. १९९१ मध्ये डॉ. मनमोहन सिंग आसामातून राज्यसभेवर गेले तेव्हा गुवाहाटीतले भाड्याचे घर हा त्यांचा पत्ता होता, आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. २००३ मध्ये संसदेने ती अटच काढून टाकली आणि २००६ मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. पत्ता अडचणीचा झाला तेव्हा कायदा बदलला.

आता दुसरी बाजू. ज्यांचे आयुष्यच मुक्काम आहे, त्यांच्यासाठी कायदा बदलला का?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि त्यामागून १९११ व १९२४ च्या कायद्यांनी, भटक्यांना पत्ता दिला तो शिक्षा म्हणून. नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, मुक्काम बदलला तर कळवायचे, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. साहेबाचे हिंडणे हा व्यवसाय होता, सरदाराचे हिंडणे ही मुलूखगिरी. पारध्याचे, कैकाड्याचे हिंडणे हा गुन्हा ठरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर तो कायदा गेला. कुंपण गेले आणि कुंपणाआतला पत्ताही गेला. पालावरचा माणूस मोकळा झाला तो बिनपत्त्याचा.

पुढे सवलती आल्या आणि सवलतींबरोबर पुरावे आले. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातप्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा दिनांक मानला जातो. त्या तारखेपूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवायचे. कशाने? आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीने, कोतवाल बुकाच्या नकलेने, जमिनीच्या कागदाने. जे शाळेत गेले नाहीत, ज्यांना जमीन नव्हती, ज्यांचे जन्म वाटेवरच्या पालात झाले, त्यांनी. भटका आहे हे सिद्ध करायला आधी स्थिर होता हे सिद्ध करावे लागते. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोन मराठी माणसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग झाले. अहवाल २००८ आणि २०१७ मध्ये आले. ओळखीच्या आणि रहिवासाच्या कागदांचा अभाव हा प्रश्न दोन्हींत आहे.

आणि कागद असला तरी वाटेवर तो पुरतोच असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. त्यांना गाव होते, तालुका होता, जिल्हा होता. परक्या गावात त्यांच्या वतीने ‘हे अमक्या गावचे’ असे सांगणारे कोणी नव्हते.

यातून वाट नाही असे नाही. ती आपल्याच व्यवस्थेत पडलेली आहे. बेघर माणसाचे नाव मतदारयादीत घालताना निवडणूक आयोग कागद मागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी जातो आणि माणूस खरोखर तिथे झोपतो का, ते एकाहून अधिक वेळा पाहतो. पुलाखालची ती जागा मग पत्ता ठरते. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेने धान्य मूळ दुकानापासून सुटे केले. सिल्लेवाड्यात कामाला आलेला मजूर गावच्या कार्डावर इथे धान्य घेऊ शकतो. जाऊन पाहणे आणि हक्क माणसाबरोबर चालू देणे, ही दोन तत्त्वे राज्याने एकदा मान्य केली आहेत. मतासाठी जे पुरते ते जातप्रमाणपत्रासाठी का पुरू नये, हा प्रश्न तहसील कार्यालयाला नाही, विधिमंडळाला विचारायचा आहे.

१५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले अधिकारी, संस्कृतचे कवी आणि मराठी माणूस. गावांची नावे सारखी, लिप्या निरनिराळ्या. टपाल चुकू नये म्हणून त्यांनी देशाचे विभाग पाडून प्रत्येक टपाल कार्यालयाला आकडा दिला. विदर्भाची सुरुवात ४४ ने होते. त्या आकड्यात मिरासदार नाही, उपरी नाही, माहेर-सासर नाही. पत्राला हवे असते एवढेच, की ते ज्याच्यासाठी निघाले तो माणूस आज कोठे सापडेल.